चकत्यांचं वय

आकडा डब्यात टाकल्याशिवाय नळीला हात लावायचा नाही, हा बोरोव्लेन्स्कच्या चाचणीघराचा दंडक. तो कुठे लिहिलेला नव्हता. पण संचालकांपासून फरशी पुसणाऱ्या बाईपर्यंत सगळे तो पाळत, आणि एखादा मॉस्कोचा पाहुणा हसून ‘मला नाही बुवा असलं काही जमत’ म्हणाला, तर त्याला चहासुद्धा मिळत नसे. डबा म्हणजे टवके उडालेली दुधाची किटली होती. नवा गाभा कितव्या नळीला पेटेल, तेवढा एक आकडा चिठ्ठीवर लिहायचा, खाली सही करायची आणि किटलीत टाकायची. ज्याचा आकडा सगळ्यात जवळचा त्याला बाकीच्यांनी घरून केक करून आणायचा.

ताइसिया गोर्देयेव्नाने त्या सकाळी चिठ्ठीवर ४१२ लिहिलं. गाभा तिचा होता. अणुभट्टीच्या पोटात जिथे इंधन असतं, तो गाभा. नऊ वर्षं ती या एकाच गाभ्याचं गणित मांडत आली होती. पाण्याऐवजी वितळलेल्या शिशाने थंड होणारा, आणि जेवढं इंधन जाळेल तेवढंच नवं तयार करणारा. म्हणजे पुढच्या वर्षासाठी म्हणून जास्तीचं इंधन आत कोंबून ठेवायला नको. जास्तीचं काही नाहीच, तर उधळणार काय? १९८६च्या अणुभट्टीच्या स्फोटानंतर या गावात शाळेत गेलेल्या पोरीला असा गाभा स्वप्नात दिसला तर नवल नाही.

“किती लिहिलंस?” येफीम सावेल्येविचने विचारलं. हा चाचणीघराचा म्होरक्या. वय त्र्याहत्तर, भुवया झाडूसारख्या, आणि डोक्यावर कायम पांढरी टोपी.

“सांगायचं नसतं. तुमचाच नियम.”

“तुझ्या नाकावर लिहिलंय. चारशेच्या वर आणि वीसच्या आत.” म्हाताऱ्याने स्वतःची चिठ्ठी चार घड्या करून किटलीत टाकली. “संगणकाला पण केक आवडतो का गं, ताया?”

“तुमच्यापेक्षा कमी खातो.”

“म्हणूनच त्याला अक्कल कमी.”

आता हे चाचणीघर म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. कागदावर गाभा कितीही देखणा असला तरी भट्टी बांधण्याआधी तो इथे पूर्ण आकारात रचून बघायचा. बिस्किटाएवढ्या चकत्या असत. काही प्लुटोनियमच्या, काही युरेनियमच्या, काही शिशाच्या, काही पोलादाच्या. त्या ठरल्या क्रमाने लांब नळीत भरायच्या, आणि भरलेल्या नळ्या मोठ्या दालनात एकमेकींना खेटून उभ्या करायच्या, मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला. दहा-वीस नळ्या वाढवल्या की सगळ्यांनी दालनाबाहेर यायचं, हातभर जाडीचं दार लावायचं, आग विझवणारे दांडे वर उचलायचे आणि आतून न्यूट्रॉन किती येतात ते मोजायचं. मग परत दांडे खाली, परत आत, परत दहा नळ्या. असं करता करता एक नळी अशी येते की आतली अणू फुटण्याची साखळी स्वतःच्या पायावर उभी राहते. त्यालाच इथले लोक गाभा पेटला म्हणतात. ज्योत नाही, धूर नाही, एका दिव्याइतकीही उष्णता नाही. फक्त कागदावरची रेघ चढू लागते. पण ती रेघ चढताना ज्याने एकदा बघितली, त्याला पुढे लग्नाची वरातसुद्धा फिकी वाटते.

मॉस्कोहून समितीच्या नोन्ना वालेर्यानोव्ना आल्या होत्या. करड्या केसांचा घट्ट अंबाडा, टोकदार पेन्सिल, आणि चेहरा असा की समोरच्याने आपोआप शर्टाची बटणं तपासावीत. त्यांचा हिशेब सरळ होता. ताइसियाचा आकडा पाच नळ्यांच्या आत बरोबर आला, तर हा गाभा भट्टीसाठी मंजूर. नाही आला तर दोन वर्षं फेरविचार, आणि तोवर दुसऱ्या संस्थेचा सोडियमवाला गाभा पुढे जाणार.

“फेरविचार म्हणजे काय ते माहितेय ना?” ताइसियाचा वरिष्ठ रोस्तिस्लाव इगोरेविच तिच्या कानाशी कुजबुजला. “दोन वर्षांनी त्याच्या थडग्यावर फुलं वाहायला यायचं.”

“रोस्तिस्लाव इगोरेविच, सकाळचे नऊ वाजलेत. निदान जेवणापर्यंत तरी धीर द्या.”

पहिल्या दोनशे नळ्या झपाट्याने गेल्या. नियंत्रण खोलीत भिंतीवर मोठा आलेखाचा कागद होता. प्रत्येक मोजणीनंतर गेनरिख नावाचा चालक त्यावर एक ठिपका द्यायचा. न्यूट्रॉन जेवढे वाढतील तेवढा ठिपका खाली, म्हणून ठिपके उतरत्या रेघेत येतात, आणि ती रेघ पुढे वाढवली की जिथे तळाला टेकेल, तिथे गाभा पेटणार. अडीचशेला पट्टी लावली तर रेघ ४२० च्या आसपास टेकत होती. ताइसिया म्हणाली, अजून लवकर आहे. दोनशे ऐंशीला ४२६ झालं. तीनशेला गेनरिखने पट्टी लावली, काढली, पुसली आणि परत लावली.

“चारशे एकतीस,” तो म्हणाला आणि ताइसियाकडे न बघता पाणी प्यायला गेला.

एकोणीस नळ्यांची चूक! एकोणीस म्हणजे पाच नव्हे, सहा नव्हे, की चहात साखर जास्त पडली म्हणून सोडून द्यावं. नोन्ना वालेर्यानोव्नांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली.

रोस्तिस्लावने तिला जिन्यात गाठलं. “ऐक माझं. मोजयंत्रात बिघाड आहे म्हणू. दिवस थांबवू, चाचणी पुढे ढकलू. उन्हाळा संपेपर्यंत काहीतरी सुचेल.”

“मोजयंत्र ठणठणीत आहे.”

“मलाही माहितेय ठणठणीत आहे!”

“मग मी खोटं का बोलू?”

“कारण खरं बोललीस तर तीन वाजता तुझी नऊ वर्षं कपाटात जातील, बाई!”

हे त्याचं खरंच होतं, म्हणून तर ताइसियाला रडू येईना आणि रागही गिळता येईना. ती खाली गेली, जिथे चकत्या नळ्यांत भरल्या जात. तिथे ती एरवी कधी जात नसे. वरच्या मजल्यावर संगणक, खाली गोदाम, आणि मधे दोन जिने. नऊ वर्षांत तिने ते जिने फार तर चारदा उतरले असतील. आजही ती उतरली ती एवढ्याचसाठी, की तिथे रोस्तिस्लाव येणार नाही.

गोदामाच्या अलीकडे भरणाऱ्या बायकांची चहाची खोली होती. सहा जणी पांढरे कोट काढून, हात तपासून, टेबलाभोवती बसल्या होत्या. मधोमध कोबी भरलेल्या छोट्या पावांचं, पिरोश्कींचं, ताट. क्लावदिया पोतापोव्ना, जिला सगळे क्लावा मावशी म्हणत, अडतीस वर्षं चकत्या भरत आली होती. तिने ताइसियाचं तोंड बघितलं आणि एक खुर्ची पायाने पुढे सरकवली.

“बस. खा. चेहरा असा करून कोबी गोड लागत नाही, पण खा.”

“मावशी, माझा गाभा बुडाला.”

“बुडतो कसा? सकाळी तर उभा होता.”

“एकोणीस नळ्या जास्त मागतोय. मी काहीतरी विसरलेय, आणि काय ते कळत नाहीये.”

“तो जास्तच मागणार,” क्लावा मावशी चहा ओतत म्हणाली. “बिचाऱ्या चकत्या दमल्यात. माझ्या लेकीच्या, ल्युदाच्या वयाच्या आहेत की! तिला घेऊन प्रसूतिगृहातून घरी आले, त्याच आठवड्यात ह्या पेट्या गाडीने आल्या. मी सुट्टीवर, आणि पेट्या उतरवायला माणसं नाहीत म्हणून येफीमने स्वतः उतरवल्या. अजून ऐकवतो मला.”

ताइसियाने पिरोश्की अर्धी तोंडात घातली होती. ती तशीच राहिली.

“ल्युदा कितीची?”

“सदतीस पूर्ण. तिला नको सांगूस मी सांगितलं म्हणून.”

“पण मावशी, पेट्यांच्या नोंदीत शहाण्णव साल आहे.”

“अगं, शहाण्णव साली सगळं कागदावरून संगणकात चढवलं! एक पोरगी महिनाभर बसली होती टकटक करत. तिने ज्या दिवशी चढवलं तीच तारीख टाकली सगळ्यांना. आम्ही म्हटलं, अगं बाई, ह्या चौऱ्याहत्तरच्या आहेत, तर म्हणते, इथे रकाना एकच आहे.”

ताइसियाने पिरोश्की ताटात ठेवली. मग ती हसायला लागली, अशी की डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि बायका घाबरल्या. प्लुटोनियम म्हातारं होतं. त्यातला एक चांगला पेटणारा भाग वर्षागणिक कमी होतो, आणि त्याचं अमेरिसियम होतं, जे न्यूट्रॉन नुसतं गिळून बसतं. हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिने चकत्यांचं वय गणितात धरलं होतं, नीट, दशांशापर्यंत. फक्त पंधरा वर्षं धरलं होतं. खरं होतं सदतीस. म्हणजे गाभ्याचा आराखडा चुकलाच नव्हता, पोरींची जन्मतारीख चुकली होती!

“सगळ्या पेट्या चौऱ्याहत्तरच्या?” तिने विचारलं.

“दोन सोडून. त्या कोपऱ्यातल्या दोन अठ्ठ्याऐंशीच्या. त्यांच्यावर मी झाकणाच्या आतून खडूने लिहून ठेवलंय.”

“आणि नोंदीत?”

“नोंदीत सगळ्या जुळ्या बहिणी.”

ताइसियाने क्लावा मावशीचा गालगुच्चा घेतला, जे अडतीस वर्षांत कोणत्याही शास्त्रज्ञाने केलं नव्हतं, आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत वर धावली.

वरच्या मजल्यावर येफीम सावेल्येविच खिडकीशी उभा राहून काकडीला मीठ लावत होता.

“तुम्हाला माहीत होतं!” ती धापा टाकत म्हणाली. “तुम्ही किती लिहिलंत?”

“सगळ्यांनाच कळलंय आता, तर सांगतो. चारशे तीस.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“काय सांगू? मला ‘किती’ ते कळतं. दर गाभ्याला गणितापेक्षा नळ्या जास्त लागतात, आणि दर खेपेला मागच्यापेक्षा दोन-चार वाढतात, वीस वर्षं बघतोय. ‘का’ ते तुम्ही शिकलेल्यांनी सांगायचं. मी म्हटलं, यंत्रं म्हातारी झाली असतील, मी झालोय तसा.” त्याने काकडीचा तुकडा मोडला. मग त्याच्या भुवया हळूहळू वर गेल्या. “थांब. चकत्या?”

“चकत्या!”

“अरे देवा,” म्हातारा म्हणाला आणि टोपी काढून हातात घेतली. “मीच उतरवल्या होत्या की त्या.”

नोन्ना वालेर्यानोव्नांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली.

“ताइसिया गोर्देयेव्ना, रेघ चारशे एकतीस दाखवते हे बघून झाल्यावर तुम्ही मला त्याचं कारण आणून देताय. तीस वर्षं समित्यांवर आहे मी. उत्तर कळल्यावर कारण सगळ्यांनाच सापडतं.”

रोस्तिस्लावने डोळे मिटून घेतले. पण ताइसियाला आता थांबवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं.

“म्हणूनच मी चारशे एकतीस म्हणतच नाहीये. कोपऱ्यातल्या दोन पेट्या अठ्ठ्याऐंशीच्या आहेत. त्यांत चोवीस नळ्यांपुरत्या चकत्या निघतील. अगदी मधल्या चोवीस नळ्या काढू आणि त्या जागी ह्या बसवू. तुमच्या नोंदीप्रमाणे सगळ्या चकत्या एकाच वयाच्या आहेत, म्हणजे काही फरक पडायला नको. चारशे एकतीसला पेटला, तर मी चुकले. फाइल उचला आणि घेऊन जा. पण वयाचं माझं म्हणणं खरं असेल तर आधी पेटेल. कितव्याला, ते मी तुम्हाला तासाभरात देते. नळ्या बसवायच्या आधी.”

“आणि तो आकडा पाचच्या आत हवा,” नोन्ना वालेर्यानोव्ना म्हणाल्या.

“दोनच्या आत देते.”

“ताया!” रोस्तिस्लाव कळवळला.

“दोनच्या आत,” नोन्ना वालेर्यानोव्नांनी लिहून घेतलं. “माझी गाडी साडेसातची आहे.”

मग जी पळापळ झाली, तशी त्या इमारतीने बरीच वर्षं बघितली नव्हती. खाली सहा जणींनी चोवीस नळ्या उलगडायला घेतल्या. एरवी याला दोन तास लागत; एवढा वेळ कशाला म्हणून क्लावा मावशीने ऐकूनच नाक मुरडलं होतं. वर ताइसिया संगणकासमोर बसली, चकत्यांची जन्मसालं बदलली आणि गणित चालू केलं. बेचाळीस मिनिटं लागणार होती. बेचाळीस मिनिटं तिने खोलीत येरझारा घातल्या, दोनदा स्वतःशी मोठ्याने बोलली, आणि रोस्तिस्लावने आणून दिलेला चहा खिडकीत विसरली. रोस्तिस्लावही गेला नाही. तिथेच खुर्ची उलटी करून बसला. “अशी पाचावर धारण मी लग्नातही बसू दिली नव्हती,” तो म्हणाला, आणि तिला त्या दिवसात पहिल्यांदाच तो आवडला.

पडद्यावर आकडा आला. ४२३. तिने तो मोठ्या अक्षरांत आलेखाच्या कागदावर लाल खडूने लिहिला, सगळ्यांना दिसेल असा, आणि सही केली.

पाच वाजता मोजणी पुन्हा सुरू झाली. बाहेर जूनचं लख्ख ऊन होतं आणि नियंत्रण खोलीत उभं राहायला जागा नव्हती. लेखा विभागातले लोक आले होते, वर्कशॉपमधले आले होते, एक पोस्टमनसुद्धा पत्र द्यायला म्हणून आला तो थांबला. तीनशे पन्नासला गेनरिखने पट्टी लावली. “चारशे चोवीस-पंचवीस.” खोलीत कुजबुज झाली. चारशेला त्याने पट्टी लावली आणि नुसतं लाल आकड्याकडे बोट दाखवलं.

इथून पुढे एक-एक नळी. चारशे एकवीस. दार बंद, दांडे वर. ध्वनिक्षेपकातली मोजयंत्राची टकटक, पत्र्यावर पाऊस वाजावा तशी, दाट झाली आणि एका पातळीवर थांबली. चारशे बावीस. आणखी दाट, वर गेली, गेली, आणि पुन्हा टेकली. ताइसियाच्या हातात खडूचा भुगा झाला होता.

चारशे तेवीस. टकटकीतले सुटे आवाज ऐकू येईनात, सगळा मिळून एक सलग घरघराट झाला. आतापर्यंत साखळीला बाहेरून ढकलणारा एक छोटा न्यूट्रॉनचा स्रोत आत होता. तो काढून घेतल्यावरही साखळी चालू राहिली, तरच गाभा पेटला.

“स्रोत बाहेर,” गेनरिख म्हणाला.

मोजयंत्राच्या फिरत्या कागदावरची रेघ पडली. सगळ्यांनी बघितलं, ती सरळ खाली आली. रोस्तिस्लावच्या तोंडून “गेलं” असं निघालंच. ताइसियाने टेबलाची कड धरली. रेघ पडत होती, मग कमी पडत होती, मग आडवी झाली. आडवी, आडवी, आणि मग कागदावरच्या पेनाचं टोक केसभर वर सरकलं. अजून केसभर.

“चढतेय,” येफीम सावेल्येविच म्हणाला. पुढच्याच क्षणी तो ओरडला, “चढतेय रे! चढतेय!”

रेघ उठली ती उठलीच. कुणाच्या धक्क्याशिवाय, स्वतःच्या जिवावर, संथ आणि ठाम. गेनरिखने मिनिटभर चढू दिली, मग दांडे खाली सोडले, आणि खोलीत असा गलका झाला की पोस्टमनने टोपी वर फेकली आणि ती दिव्यात अडकली. म्हाताऱ्याने ताइसियाला उचलायचा प्रयत्न केला आणि कंबर धरून खाली बसला. ती हसत होती, रडत होती, आणि ज्याला त्याला मिठी मारत होती. नऊ वर्षं! नऊ वर्षांचा तिचा गाभा आत उभा होता, आणि तो तिच्या म्हणण्याप्रमाणे वागला होता, नळीला नळी.

नोन्ना वालेर्यानोव्नांनी अहवालाचा कागद पुढे ओढला. “एक अडचण आहे,” त्या म्हणाल्या. “चकत्यांचं खरं उत्पादन वर्ष. माहितीचा आधार लिहावा लागतो. कोणता दस्तऐवज?”

ताइसियाने त्यांच्या हातातून पेन्सिल घेतली आणि रकान्यात लिहिलं: ‘क्लावदिया पोतापोव्ना झुरोवा, चकत्या भरणारी, अडतीस वर्षं सेवा.’

नोन्ना वालेर्यानोव्नांनी ते वाचलं. ओठ मुडपले. “हा दस्तऐवज नव्हे.” मग त्यांनी खाली स्वतःची सही केली, मंजुरीचा शिक्का मारला आणि कोट उचलला. “पण समितीला चालेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गाभा उतरवायला घेतला. ताइसिया पांढरा कोट घालून, दोन जिने उतरून, भरणाऱ्या बायकांच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. “मलाही बसवा,” ती म्हणाली. क्लावा मावशीने तिला हातमोजे दिले, कोटाची बाही आत खोचून दिली, आणि तिच्या दोन्ही तळव्यांवर एकेक चकती ठेवली.

नऊ वर्षांत तिने आपल्या गाभ्यातली चकती कधी हातात घेतली नव्हती. त्या कोमट होत्या, डावी जरा जास्तच. तिला हे वाचून माहीत होतं, म्हातारं होताना प्लुटोनियम जास्त ऊब देतं. माहीत असूनही ती दचकली.

“सांग बरं,” क्लावा मावशी म्हणाली, “यातली ल्युदाच्या वयाची कोणती?”

ताइसियाने क्षणाचाही विचार न करता डावा हात पुढे केला.